वही, तागडी आणि रेडिओ : कवठे येमाईची १९६५ ते १९७० ही वर्षे

१९ जुलै १९६९, शनिवार. रात्री साडेआठ वाजता पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी आकाशवाणीवरून देशातील चौदा मोठ्या बँकांच्या राष्ट्रीयीकरणाची घोषणा केली. त्यानंतर दोन रात्री उलटल्या आणि सोमवार, २१ जुलैच्या सकाळी, भारतीय वेळेनुसार साडेआठच्या सुमारास, मानवाने चंद्रावर पहिले पाऊल ठेवले. शिरूर तालुक्यातील कवठे येमाईसारख्या गावात या दोन्ही बातम्या एकाच वाटेने पोहोचल्या. ती वाट म्हणजे रेडिओ. गावातील बहुतेकांना चंद्राची बातमी अधिक नवलाची वाटली असेल. परंतु गल्ल्यावर बसणाऱ्या माणसाने शनिवारची बातमी अधिक कान देऊन ऐकली. चंद्र दूर होता, आणि बँक गावाच्या वेशीपर्यंत येणार होती.

साठीच्या दशकाचा उत्तरार्ध आठवताना घरोघरी पहिला उल्लेख होतो तो स्वस्ताईचा. ‘त्या काळी सोने इतके होते, कार्ड इतक्या पैशांना मिळे’ असे सांगताना वडीलधाऱ्यांचा चेहरा खुलतो. ज्या वर्षांना आज स्वस्ताईची वर्षे म्हटले जाते, ती प्रत्यक्षात टंचाईची, महागाईची आणि व्यापाऱ्याच्या कसोटीची वर्षे होती. त्या पाच-सहा वर्षांत मापे, नाणी, धान्याचा व्यवहार, कर्जाची वाट आणि करमणुकीची साधने या सर्वांत बदल झाला. खेड्यातील जैन व्यापारी कुटुंबाने हा बदल दुकानाच्या उंबरठ्यावरून पाहिला आणि आपल्या वहीत टिपून ठेवला.

गाव आणि दुकान

कवठे येमाई हे घोड नदीच्या खोऱ्यातील गाव. ग्रामदेवता येमाईच्या नावाने ते ओळखले जाते. तालुक्याचे ठिकाण शिरूर. पण जुनी माणसे त्या गावाला नदीच्या नावाने ‘घोडनदी’ म्हणत आणि अनेक घरांत आजही तसेच म्हणतात. शिरूरला रेल्वे नाही. माल पुण्याहून मोटारीने येई किंवा दौंड जंक्शनवर उतरून पुढे रस्त्याने येई. पुणे–अहमदनगर हा शिरूरवरून जाणारा रस्ता महाराष्ट्राच्या एस.टी.च्या इतिहासातही अग्रपूजेचा मान मिळवून आहे. १ जून १९४८ रोजी राज्य परिवहनाची पहिली गाडी याच मार्गावर धावली. साठीच्या दशकात शिरूरपासून आतल्या गावांपर्यंत पोहोचणारी एस.टी. ही प्रवासी गाडी होती, तशीच टपालगाडी, बातमीपत्र आणि मालगाडीही होती. टपावर गुळाच्या ढेपा, तेलाचे डबे, कापडाचे गठ्ठे आणि आत शहाणेसुरते प्रवासी, अशी ती गावात येई.

खेड्यातील किराणा दुकान एकाच वस्तूवर चालत नसे. मीठ-मिरची, गूळ, चहा, काडेपेटी, रॉकेल, खोबरेल, पाटी-पेन्सिल, कासरे-दोरखंड हे सारे एका छपराखाली असे. त्याला जोडून धान्याची खरेदी-विक्री असे, काही ठिकाणी कापडही असे. शेतकरी सुगीला बाजरी, ज्वारी, मटकी, हुलगे घेऊन येई आणि त्या बदल्यात वर्षभराचा बाजार नेई. रोख पैसा वर्षातून एक-दोन वेळाच हाती येणाऱ्या मुलखात उधारी ही सवलत राहत नाही, व्यवहाराचा पायाच होऊन बसते. म्हणून दुकानात तागडीइतकेच महत्त्व वहीला होते. दिवसाचा रोजमेळ, त्यावरून खतावणी, आणि दिवाळीला नव्या वहीचे पूजन हा क्रम कधी चुकला नाही.

मापे बदलली, नाणी बदलली

या पिढीने हिशोबाच्या दोन भाषा एकाच वेळी बोलल्या. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे शंभर ‘नवे पैसे’ झाले. आणा मात्र लोकांच्या जिभेवरून उतरला नाही. सहा पैशांत एक आणा, बारांत दोन, एकोणीसांत तीन आणि पंचविसांत चार, हे कोष्टक मुलांना पाढ्यांसारखे पाठ करावे लागले. एका आण्याचे खरे मूल्य सव्वासहा पैसे. तो पाव पैसा कोणी सोडायचा आणि कोणी घ्यायचा, यावर दुकानाच्या पायरीवर रोज हसतखेळत हुज्जत होई. १ जून १९६४ पासून ‘नवा’ हा शब्द गेला आणि पैसा नुसता पैसा झाला. त्याच सुमारास तीन पैशांचे अॅल्युमिनियमचे नाणे आले. १९६८ मध्ये वीस पैशांचे पिवळे पितळी नाणे आले, आणि १९६९ मध्ये गांधी जन्मशताब्दीनिमित्त दहा रुपयांचे चांदीचे नाणे निघाले. हे शेवटचे नाणे पुष्कळ घरांत गल्ल्यातून थेट देवघराच्या डबीत गेले.

वजनांचेही तसेच झाले. शेर आणि मण जाऊन किलो आणि क्विंटल आले. १९६२ पासून व्यापारात मेट्रिक वजने सक्तीची झाली. परंतु खेड्यात धान्य वजनाने कमी आणि मापाने अधिक विकले जाई. दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली हे गणित शेतमजुराच्या बायकोलाही तोंडपाठ होते. तिला अर्धा किलो म्हणजे किती भाकरी हे कळत नव्हते. मापटे म्हणजे किती हे नेमके कळत होते. अशा वेळी दुकानदाराला दोन्ही मापे मनात जुळवून भाव सांगावा लागे. भाव सांगण्यात घोटाळा झाला तर तो फसवणूक ठरे, आणि फसवणुकीचा डाग वर्षानुवर्षे धुतला जात नसे. नव्या वजनांच्या काळात गिऱ्हाइकाने दुकानदारावर टाकलेला विश्वास हा त्या वर्षांचा मोठा आणि कोठेही न नोंदलेला व्यवहार होय.

टंचाईची दोन वर्षे

१९६५ आणि १९६६ या दोन वर्षांत पावसाने देशभर दगा दिला. १९६४–६५ मध्ये भारताचे अन्नधान्य उत्पादन सुमारे ८.९ कोटी टन होते, ते १९६५–६६ मध्ये ७.२ कोटी टनांवर आले, आणि पुढील वर्षीही ७.४ कोटी टनांच्या पुढे गेले नाही. १९६५ च्या युद्धकाळात पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांनी सोमवारी एक वेळचे जेवण सोडण्याचे आवाहन केले. उपवास-एकासणे ज्या घरांच्या अंगवळणी पडलेले होते, त्या घरांना हे आवाहन जड गेले नाही. पण व्रत म्हणून अन्न सोडणे आणि घरात नाही म्हणून उपाशी राहणे यांतील अंतर दुकानाच्या पायरीवर रोज दिसत होते.

शिरूर तालुका मुळातच अवर्षणग्रस्त. चिंचणीजवळचे घोड धरण १९६५ मध्ये पूर्ण झाले, तरी त्याचे पाणी सर्व गावांना मिळणारे नव्हते, आणि कुकडी प्रकल्पाचे पाणी अजून पुढच्या काळाची गोष्ट होती. विहीर आटली की मोट थांबे, मोट थांबली की दुकानातील उधारीचे पान लांबत जाई. अमेरिकेतून पी.एल. ४८० या कराराखाली गहू आला आणि त्याच्याबरोबर ‘मिलो’ नावाची तांबडी ज्वारीही आली. शाळू आणि बाजरीच्या भाकरीवर वाढलेल्या लोकांना ती रुचली नाही. पण पोट रुचीचा विचार करीत नाही. रेशनच्या रांगेत पिशवी धरून उभे राहणे हा त्या पिढीच्या बालपणाचा भाग झाला. शाळांतून मिळणाऱ्या परदेशी दुधाच्या भुकटीची चवही अनेकांच्या जिभेवर अजून आहे.

याच काळात महाराष्ट्र शासनाने ज्वारी आणि भात यांची एकाधिकार खरेदी योजना राबवली. मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांनी राज्य धान्याच्या बाबतीत स्वयंपूर्ण करण्याचा विडा उचलला होता. संकरित ज्वारीचे ‘सीएसएच-१’ हे वाण १९६४ मध्ये आले होते आणि ‘हायब्रीड’ हा शब्द मराठी शेतकऱ्याच्या बोलण्यात रुळू लागला होता. ज्वारी शासनाच्या खरेदी केंद्रावर द्यायची, धान्याच्या ने-आणीवर बंधने, परवाना, दुकानाबाहेर साठा आणि दर लिहिलेला फलक, आणि चूक आढळल्यास १९५५ च्या जीवनावश्यक वस्तू अधिनियमाखाली कारवाई, अशी सारी व्यवस्था उभी राहिली. ज्या कुटुंबांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा व्यवसाय ज्वारीची खरेदी-विक्री हाच होता, त्यांच्या वखारी ओस पडल्या.

शासनाची बाजूही खोटी नव्हती. दुष्काळात दडवलेले धान्य म्हणजे दुसऱ्याच्या तोंडचा घास. काही व्यापाऱ्यांनी साठे केले आणि चढ्या भावाने विकले, हे नाकारण्यात अर्थ नाही. अशा वेळी प्रामाणिक दुकानदारावरही तोच शिक्का बसतो. ‘व्यापारी म्हणजे साठेबाज’ हे वाक्य त्या वर्षांत भाषणांतून, वृत्तपत्रांतून आणि चित्रपटांतूनही ऐकू येई. १९६७ च्या ‘उपकार’ या गाजलेल्या हिंदी चित्रपटाने शेतकऱ्याला नायक केले. शहराच्या चित्रगृहात तो पाहून आलेल्या व्यापारी घरातील मुलाला आपण कोणाच्या बाजूचे, हा प्रश्न पडल्यावाचून राहिला नसेल.

करड्याची आठवण

या प्रश्नाला शिरूर तालुक्यात एक जुनी पार्श्वभूमी होती. याच तालुक्यातील करडे या गावी १८७४ च्या अखेरीस शेतकऱ्यांनी मारवाडी सावकारावर बहिष्कार टाकला होता. त्याच्याकडून काही घ्यायचे नाही, त्याच्या शेतावर काम करायचे नाही, न्हाव्याने व पाणक्याने त्याचे काम करायचे नाही, असे ठरले. पुढे १२ मे १८७५ रोजी सुपे येथे बाजारच्या दिवशी उद्रेक झाला आणि पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत तो पसरला. जमावाचा रोख मुख्यतः कर्जरोख्यांवर आणि वह्यांवर होता. ते कागद हाती पडले की जाळले जात. इतिहासात या घटनेला ‘दख्खनचे दंगे’ असे नाव आहे. त्यातून १८७९ चा दख्खन कृषक साहाय्य कायदा झाला, आणि पुढच्या काळात १९४६ चा मुंबई सावकारी अधिनियम आला.

नव्वद वर्षांनंतर, १९६६ च्या टंचाईत, त्याच तालुक्यात वही पुन्हा भरत होती आणि शेतकरी पुन्हा अडचणीत होता. या वेळी मात्र पुष्कळ काही बदललेले होते. गावोगाव विविध कार्यकारी सोसायट्या होत्या, पुणे जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँक होती, रेशन होते, कायदा होता. परंतु व्यापाऱ्याच्या पातळीवर बदललेली गोष्ट अधिक साधी होती. दंग्यांच्या काळातील सावकार गहाणखतावर जगत होता. साठीच्या दशकातील खेड्यातला दुकानदार गिऱ्हाइकावर जगत होता. त्याची मुले शेतकऱ्याच्या मुलांबरोबर एकाच शाळेच्या फरशीवर बसत होती. गिऱ्हाईक उद्ध्वस्त झाले तर दुकान राहत नाही, हे त्याला कोणी शिकवावे लागत नव्हते.

म्हणून त्या दोन वर्षांत प्रत्येक दुकानदारापुढे एकच पेच रोज उभा राहत होता. समोर ओळखीचा माणूस उभा आहे, गेल्या सुगीचे देणे अजून फिटलेले नाही, आणि तो म्हणतो, ‘शेठजी, येवढी पायली द्या, पाऊस पडला की बघू.’ द्यावे तर घाऊक व्यापाऱ्याचे बिल कसे भागवायचे? न द्यावे तर संध्याकाळी त्याच्या घरात चूल पेटणार नाही. काहींनी दिले, काहींनी नाकारले, काहींनी निम्मे दिले. काहींनी व्याज सोडले आणि मुद्दल धरले. या निर्णयांचा कोठेही जाहीर पाढा वाचला गेला नाही. तो वहीच्या पानांवर राहिला आणि गावाच्या स्मरणात राहिला.

भावांचा आलेख

आता त्या ‘स्वस्ताई’कडे पाहू. ६ जून १९६६ रोजी रुपयाचे अवमूल्यन झाले. एका डॉलरसाठी ४ रुपये ७६ पैसे पडत होते, ते ७ रुपये ५० पैसे पडू लागले. कवठ्याच्या दुकानाचा डॉलरशी थेट संबंध नव्हता. पण खनिज तेल, खते, यंत्रे या वाटांनी महागाई खेड्यात आली. दुष्काळ आणि अवमूल्यन एकत्र आल्याने १९६६–६७ मध्ये घाऊक किमती सुमारे १४ टक्क्यांनी चढल्या आणि पुढील वर्षीही ही चढण सुरू राहिली. १९६७–६८ मध्ये पावसाने साथ दिली, देशाचे धान्य उत्पादन ९.५ कोटी टनांवर गेले, आणि १९६८–६९ मध्ये भाव स्थिरावले. साखरेवरील नियंत्रणही १९६७ मध्ये अंशतः उठले; कारखान्याच्या साखरेचा एक हिस्सा रेशनला आणि उरलेला खुल्या बाजारात, अशी दुहेरी व्यवस्था सुरू झाली. त्यामुळे एकाच साखरेचे दोन भाव गिऱ्हाइकाला समजावून सांगण्याचे नवे काम दुकानदाराच्या वाट्याला आले.

सोन्याची गोष्ट वेगळी. १९६४ मध्ये दहा ग्रॅमला सरासरी सुमारे ६३ रुपये असलेले सोने १९६७ मध्ये १०० रुपयांच्या पुढे गेले आणि १९६९ मध्ये १७५ रुपयांच्या घरात पोहोचले. पाच वर्षांत पावणेतीन पट! जानेवारी १९६३ मध्ये आलेल्या सुवर्ण नियंत्रणाने चौदा कॅरेटहून अधिक शुद्धतेचे नवे दागिने घडवण्यास बंदी केली होती. ती अट १९६६ मध्ये शिथिल झाली, तरी १९६८ च्या सुवर्ण नियंत्रण कायद्याने सराफांवरील बंधने कायम ठेवली. लेकीच्या लग्नाचा विचार करणाऱ्या आईला या साऱ्याचा अर्थ एवढाच कळत होता, की गेल्या वर्षी घेतले असते तर बरे झाले असते.

सर्वांत बोलका भाव पोस्टकार्डाचा. भाव कळवणे, माल मागवणे, सोयरीक जुळवणे, ख्यालीखुशाली, सारे कार्डावर चाले. हे कार्ड सहा पैशांना मिळे; १९६८ मध्ये ते दहा पैशांचे झाले आणि आंतरदेशीय पत्र दहावरून पंधरा पैशांवर गेले. व्यापाऱ्याच्या खर्चात चार पैसे म्हणजे किरकोळ रक्कम. पण संवत्सरीनंतर क्षमापनेची कार्डे शेकड्यांनी पाठवणाऱ्या घरात तो फरक लगेच जाणवला. शंभर कार्डांना सहा रुपये लागत होते, आता दहा लागणार होते. तरी यादीतील नावे कमी झाली नाहीत. ज्याच्याशी वर्षभर हिशोबावरून बोलाचाली झाली, त्याला तर कार्ड आधी जाई.

यात्रा, तंबू आणि रेडिओ

दूरदर्शन महाराष्ट्रात १९७२ मध्ये, तेही मुंबईत प्रथम आले. त्याआधीच्या खेड्याची करमणूक म्हणजे यात्रा, तमाशा, कीर्तन, भजन आणि कधीमधी येणारा टुरिंग टॉकीजचा तंबू. कवठे येमाईला तमाशाची मोठी परंपरा आहे. गंगाराम कवठेकर यांनी या गावाचे नाव तमाशा-रसिकांत पोहोचवले. याच गावात १९४७ मध्ये जन्मलेले बशीर मोमीन कवठेकर त्या वर्षांत विशीत होते. पुढे त्यांनी अनेक नामवंत फडांसाठी लावण्या, गौळणी आणि वगनाट्ये लिहिली, लोकजागृतीसाठी लेखणी झिजवली, आणि राज्य शासनाचा तमाशासम्राज्ञी विठाबाई नारायणगावकर जीवनगौरव पुरस्कार त्यांना लाभला. २०२१ मध्ये त्यांचे निधन झाले. मुस्लिम घरातील मुलाने गौळण लिहावी, मराठा-माळी-धनगर प्रेक्षकांनी ती डोक्यावर घ्यावी आणि यात्रेचा नारळ-गुलाल जैन दुकानातून जावा, ही खेड्याची घडण होती. ती घडवण्यासाठी कोणी परिषद भरवली नव्हती.

जैन घरांत तमाशाला जाण्यास वडीलधाऱ्यांची संमती नसे. पण यात्रेच्या दिवसांत दुकान रात्री उशिरापर्यंत उघडे राही. शेव-रेवडी, बत्तीच्या काचा, विड्याचे साहित्य, लहान मुलांच्या शिट्ट्या यांची विक्री होई, आणि ढोलकीचा आवाज भिंतीला विचारून आत येत नसे. मुले अंथरुणात पडल्या पडल्या बतावणी ऐकत आणि दुसऱ्या दिवशी दबक्या आवाजात ती एकमेकांना म्हणून दाखवत. यात्रेची वर्गणी दुकानदार नेहमी देत असे. ती देताना देव कोणाचा हा विचार नसे. गाव आपले, एवढे पुरे होते.

रेडिओने मात्र घराची दारे न उघडता करमणूक आत आणली. रेडिओसाठी पोस्टातून परवाना घ्यावा लागे आणि दरवर्षी शुल्क भरावे लागे. मर्फी, फिलिप्स, बुश ही नावे घरातील माणसांच्या नावांसारखी झाली. १९५३ मध्ये सुरू झालेले आकाशवाणीचे पुणे केंद्र शिरूरच्या मुलखात ऐकू येई. बुधवारी रात्री आठ वाजता रेडिओ सिलोनवर ‘बिनाका गीतमाला’ लागे, आणि अमीन सयानी यांच्या आवाजासाठी अभ्यासाला सुटी मिळे. नोव्हेंबर १९६७ पासून विविध भारतीवर जाहिराती सुरू झाल्या. त्याआधी दुकानदाराने सांगितलेला माल गिऱ्हाईक घेत असे. आता गिऱ्हाईकच साबणाचे आणि चहाचे नाव घेऊन येऊ लागले. दुकानाच्या इतिहासातील हा बदल लहान नव्हता.

चौविहार पाळणाऱ्या घरात जेवणे सूर्यास्तापूर्वी उरकत. त्यानंतरची संध्याकाळ मोठी असे. प्रतिक्रमण, मुलांची उजळणी आणि मग ओट्यावर रेडिओ. शेजारपाजारचे लोक बातम्यांसाठी तेथेच जमत. शास्त्रीजींचे ताश्कंद येथे ११ जानेवारी १९६६ रोजी झालेले निधन, फेब्रुवारी १९६७ ची निवडणूक, काँग्रेसमधील फूट, या साऱ्यांची चर्चा कंदिलाच्या उजेडात अशाच ओट्यांवर झाली. वृत्तपत्र एस.टी.बरोबर येई. ‘सकाळ’ किंवा ‘केसरी’चा एक अंक दहा-पंधरा हातांतून फिरे आणि शेवटी पुड्या बांधण्याच्या कामी येई. त्यामुळे कित्येकांनी जुनी बातमी गुळाबरोबर घरी नेऊन वाचली.

११ डिसेंबर १९६७ ची पहाट मात्र कोणाला वाचून कळावी लागली नाही. कोयनेच्या भूकंपाचे धक्के पुणे जिल्ह्यातही जाणवले. कोयनानगर परिसरात सुमारे १८० माणसे दगावली आणि हजारो बेघर झाले. राज्यभरातून धान्य, कपडे, घोंगड्या आणि रोख मदत गोळा झाली. दुष्काळातून नुकताच वर येणारा मुलूख दुसऱ्यासाठी पुन्हा पदरमोड करीत होता.

बँक आली, पत राहिली

आता पुन्हा जुलै १९६९ च्या त्या शनिवारकडे येऊ. राष्ट्रीयीकरणाच्या मागे एक जुना आकडा होता. १९५१–५२ च्या अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणीत असे आढळले होते, की शेतकऱ्याच्या एकूण कर्जापैकी सहकारी संस्थांचा वाटा ३.१ टक्के आणि व्यापारी बँकांचा वाटा अवघा ०.९ टक्के होता. उरलेले बहुतांश कर्ज सावकार, व्यापारी, नातलग यांच्याकडून येत होते. ज्या चौदा बँका शासनाच्या ताब्यात आल्या, त्यांपैकी प्रत्येकीच्या ठेवी ५० कोटी रुपयांहून अधिक होत्या आणि त्यांत पुण्याची बँक ऑफ महाराष्ट्रही होती. पुढे अग्रणी बँक योजनेत पुणे जिल्ह्याची जबाबदारी याच बँकेकडे आली. शाखा हळूहळू खेड्यांकडे सरकू लागल्या.

दुकानदाराच्या दृष्टीने याचा अर्थ दुहेरी होता. शेतकऱ्याला कर्ज देणारा तो एकटा उरणार नव्हता, म्हणजे त्याचे वजन कमी होणार होते. आणि त्याच्या डोक्यावरील उधारीचा भारही कमी होणार होता. १९६३ च्या कृषी उत्पन्न खरेदी-विक्री कायद्याने आणि १९६७ च्या नियमांनी शेतमालाचा व्यवहार बाजार समितीच्या आवाराकडे वळवला. खेड्यातील वखारीपेक्षा शिरूर, दौंड किंवा पुण्याचा गाळा महत्त्वाचा ठरू लागला. त्याचबरोबर मुलांचे शिक्षण तालुक्याला होऊ लागले. शिरूरचे चांदमल ताराचंद बोरा महाविद्यालय व्यापारी घराण्याचे नाव आजही मिरवीत आहे. शिकलेला मुलगा परत येऊन पायलीने बाजरी मोजील, ही अपेक्षा वडिलांनीच सोडून दिली. एक भाऊ गावी, एक शिरूरला, एक पुण्याला, अशी कुटुंबे विभागली. दुकान पुढे कोणी चालवायचे, हा प्रश्न त्या वर्षांत अनेक घरांच्या ओट्यावर निघाला आणि प्रत्येक घराने त्याचे आपापले उत्तर दिले.

जे गेले, त्यांनी गावातून काय नेले? माल विकला गेला होता, वखार रिकामी होती. शहरात नव्या पेढीला पहिला माल उधार मिळाला तो ‘अमुक गावच्या अमुक दुकानाचा मुलगा’ या ओळखीवर. टंचाईच्या वर्षांत वडिलांनी पायलीभर बाजरी दिली की नाकारली, याचे उत्तर शहराच्या बाजारात मुलाच्या आधी पोहोचलेले असे. पत म्हणतात ती हीच. ती बँकेच्या खात्यात जमा होत नाही आणि अवमूल्यनाने घटत नाही.

माळ्यावरच्या वह्या

या सगळ्याचा पुरावा आज कोठे आहे? सरकारी दप्तरात घाऊक भावांचे निर्देशांक आहेत, वृत्तपत्रांच्या संग्रहात पुण्या-मुंबईचे बाजारभाव आहेत. पण कवठ्याच्या दुकानात १९६६ च्या श्रावणात बाजरी पायलीला काय भावाने गेली, भूकंपाच्या महिन्यात किती घोंगड्या विकल्या, यात्रेला किती नारळ लागले, मजुराच्या घरी महिन्याला साखर किती जाई, हे फक्त एका ठिकाणी लिहिलेले आहे. ते ठिकाण म्हणजे लाल कापडी बांधणीची ती लांबट वही.

जुने घर पाडून नवे बांधताना या वह्या बहुधा पहिल्यांदा बाहेर काढल्या जातात आणि रद्दीत जातात. काही पाने वाळवीने खाल्लेली असतात. काहींतील मोडी किंवा महाजनी लिपी घरातील आजच्या कोणालाही वाचता येत नाही. १८७५ मध्ये रागाने जाळल्या गेलेल्या वह्यांपेक्षा आज निष्काळजीपणाने नष्ट होणाऱ्या वह्यांची संख्या कमी नसावी. त्या वेळच्या जाळणाऱ्यांना निदान त्यांत काय लिहिले आहे ते ठाऊक होते.

ज्या घरांत अशी वही असेल, त्यांनी तीन-चार गोष्टी सहज कराव्यात. वही कोरड्या जागी सुती कापडात बांधून ठेवावी. पहिल्या पानावर दुकान, गाव आणि वर्ष वेगळ्या चिठ्ठीवर लिहून ती चिठ्ठी आत ठेवावी. विक्रम संवत लिहिलेला असेल तर इसवी सनाचे वर्षही नोंदवावे. घरातील आजी-आजोबांना लिपी वाचता येत असेल तर एका महिन्याचा रोजमेळ तरी त्यांच्याकडून वाचून घेऊन आजच्या लिपीत उतरवावा. मोडी वाचणारे जाणकार पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या संस्थांतून भेटतात. आणि एक पथ्य पाळावे : ज्यांच्या नावे येणे राहिले, त्यांची नावे चारचौघांत वाचू नयेत. भाव वाचावा, माप वाचावे, मालाची यादी वाचावी. देणेकऱ्याचे नाव झाकावे.

त्या वर्षांच्या पानांवर एखाद्या नावापुढची रक्कम आडवी रेघ मारून बंद केलेली दिसली, आणि जमेच्या बाजूला काहीच लिहिलेले नसले, तर तेथे क्षणभर थांबावे. ती रेघ का ओढली गेली हे वही सांगत नाही. घरात कोणी जुने माणूस असेल तर त्याला विचारावे, आणि ते आजच विचारावे.